‘निरोध’ नेमका कोणाचा?

1968 साली सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला. योजना हुशारीची होती, हे आधी मान्य करू. तीन नगांना 15 पैसे. चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या बड्या कंपन्यांची वितरणव्यवस्था हाताशी घेतली, म्हणून पाकीट दवाखान्यात न अडकता साध्या दुकानापर्यंत पोचलं. तेव्हा आमचा आक्षेप वस्तूवर नाही, तिच्या प्रचाराच्या भाषेवर आहे.

नावच बघा ना. निरोध म्हणजे आवर घालणं. पतंजलीने योगाच्या व्याख्येत हा शब्द चित्तवृत्तींसाठी योजला. बौद्धांच्या आर्यसत्यांत तो दुःखाच्या शमनासाठी येतो. सरकारने तोच रबरी साधनाला दिला. लोक हसले, आम्हांला त्यात संकोच दिसतो. सुखाच्या आड न येता पुरुषाला जबाबदारी घेता येते, हे सरळ सांगायला जीभ रेटेना, म्हणून संयमाचा सोवळा शब्द पुढे केला. लाल त्रिकोण आला, छोटं हसरं कुटुंब आलं, देशाची वाढती लोकसंख्या आली. नवऱ्याने बायकोला काय हवंय ते विचारावं, हे मात्र मागेच राहिलं.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांचा जोर कशावर होता? स्त्रीच्या आरोग्यावर आणि तिच्या इच्छेवर. फरक तात्त्विक आहे. कर्व्यांना माणूस साध्य होता. सरकारी प्रचारात तो आकडा कमी करायचं साधन झाला. आणि माणूस एकदा आकडा झाला की पुढे काय होतं, ते आणीबाणीतल्या नसबंदीने दाखवलं. त्यानंतर पुरुष बाजूला झाला आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाई गेली.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींची नसबंदी झालेली दिसते. पुरुष नसबंदी 0.3 टक्के, निरोधचा वापर 9.5 टक्के. म्हणजे सगळ्यांत सोपं, बिनशस्त्रक्रियेचं साधन पुरुषाच्या हातात, आणि टाके बाईच्या पोटावर!

त्यात 2017 च्या डिसेंबरात सरकारनेच वाहिन्यांना सांगितलं, या जाहिराती रात्री दहानंतर दाखवा. पुढे खुलासा झाला की हे फक्त उत्तान जाहिरातींसाठी. ठीक. पण मग उत्तान नसलेली, दिवसाउजेडी घरात सगळ्यांसमोर बोलणारी जाहिरात सरकारने स्वतः का करू नये? त्यात देशाचं नाव नको, त्रिकोण नको. नवऱ्याला एवढंच सांगा: तिचं शरीर तिचं आहे, ही काळजी तुझी आहे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न विचारा, लाजू नका.