शब्द आपले, वाक्य कोणाचे?

मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाची चर्चा बहुतेक वेळा शब्दांपाशी सुरू होते आणि शब्दांपाशीच संपते. परके शब्द मोजले जातात, त्यांना पर्याय सुचवले जातात. त्यांतले काही रुजतात, काही कोशातच राहतात. वाक्याच्या घडणीकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. गेली काही वर्षे मी एस.टी. स्थानकांवरील फलक, बँकांचे संदेश, सोसायट्यांच्या नोटिसा आणि वृत्तवाहिन्यांची निवेदने यांतली वाक्ये वहीत उतरवून घेत आहे. इथे त्या नोंदींतून निघालेली काही निरीक्षणे मांडतो.

सुरुवातीला दोन वाक्ये घेऊ. एक : ‘पासवर्ड चुकला.’ दुसरे : ‘आपल्याद्वारे प्रविष्ट करण्यात आलेला संकेतशब्द अवैध आहे.’ पहिल्यात इंग्रजी शब्द आहे, दुसऱ्यात एकही नाही. तरीही पहिले वाक्य कोणत्याही मराठी घरात सहज बोलले जाईल आणि दुसरे कोणाच्याही तोंडी येणार नाही. भाषाशुद्धीच्या शब्दमोजणीत दुसरे वाक्य उत्तीर्ण होते. ही मोजपट्टी अपुरी आहे, एवढे यावरून दिसते.

हा प्रभाव आजचा नाही. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. बखरींच्या मोडी लेखनात विरामचिन्हे नव्हती. ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून आली आणि ती रुळवण्यात मेजर कँडी यांचा मोठा वाटा होता. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे, आगरकरांची ‘वाक्यमीमांसा’ १८८८ची. वाक्याचे पृथक्करण करण्याची जी पद्धत आपण शाळेत शिकलो, तिच्यामागेही इंग्रजी व्याकरणाचा नमुना आहे. आपण मराठी वाक्य तपासतो तो चष्माच काही अंशी तिकडून आलेला आहे.

त्यातला सर्वांत बोलका पुरावा आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांतच सापडतो. ‘रावण रामाकडून मारला गेला’ या रचनेला तिथे ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. ‘नवीन’ हे विशेषणच ती इंग्रजी वळणाची असल्याची कबुली आहे. मराठीला तिची गरज होती का? ‘रामाने रावण मारला’ या वाक्यात क्रियापद आधीच कर्माच्या मागे जाते. कर्म पुढे आणायचे असेल, तर शब्दांची जागा बदलली की झाले : ‘रावण मारला तो रामाने.’ कर्ता सांगायचाच नसेल, तर फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, पाडणे-पडणे अशा क्रियापदांच्या जोड्या हाताशी आहेत.

शिवाय ‘कडून’ हा काही रिकामा शब्द नव्हे. ‘सुताराकडून दार करून घेतले’ म्हणजे करवणारा वेगळा. ‘माझ्याकडून कप फुटला’ म्हणजे माझा तसा हेतू नव्हता. ‘मी कप फोडला’ असे म्हटले की जबाबदारी अंगावर येते. आता ‘पोलिसांकडून लाठीमार’ हा मथळा वाचा. लाठीमार कोणी करवला, की तो अनवधानाने झाला? मथळा लिहिणाऱ्याला यांपैकी काहीच म्हणायचे नसते. त्याने इंग्रजी रचनेतल्या एका शब्दाच्या जागी ‘कडून’ ठेवलेले असते. पण त्यामुळे ‘फोडला’ आणि ‘फुटला’ यांच्यामधली मराठीने जपलेली नैतिक रेषा पुसट होते. ‘पोलिसांचा लाठीमार’ हा मथळा लहानही आहे आणि स्पष्टही.

दुसरे उदाहरण बोलण्यातले. मराठीत भूक लागते, राग येतो, आठवण येते, मजा वाटते. हे सगळे ‘मला’ होते, ‘मी’ करत नाही. मनाच्या आणि शरीराच्या अवस्था माणसाकडे येतात आणि माणूस त्यांचा अनुभव घेतो, असे ही रचना मानते. आता ‘मी तुला मिस करतेय’, ‘मी खूप एन्जॉय केलं’, ‘मी असं फील करतो’ ही वाक्ये पाहा. पाहुणा शब्द इथे आपले सामानसुमान घेऊनच आला आहे. ‘तुझी आठवण येते’ यातली आठवण आपणहून येत होती. आता ती ‘करण्याची’ गोष्ट झाली. म्हणून ‘शब्द कुठलेही येऊ द्या, सांगाडा मराठी असला की पुरे’ हे म्हणणेही पूर्ण खरे नाही. ‘पासवर्ड’ आला आणि मराठीच्या नियमाने राहिला, ‘मिस’ आला आणि त्याने विभक्ती बदलली. नामे बहुधा निमूट नांदतात. क्रियेचे शब्द मात्र आपली वाक्यरचना घेऊन येऊ शकतात.

तिसरे उदाहरण जवळ असण्याचे. इंग्रजी एकाच क्रियापदात भाऊ, पैसे, धैर्य, ताप आणि वेळ बसवते. मराठी मात्र नात्यानुसार रचना बदलते : मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, त्याच्या अंगी धैर्य आहे, तिला ताप आहे, आम्हाला वेळ नाही. भाऊ ही बाळगण्याची वस्तू नाही, हे व्याकरणालाच ठाऊक आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र सगळ्यासाठी एकच ‘कडे’ येऊ लागला आहे : ‘तुमच्याकडे तीन नवीन संदेश आहेत’, ‘तुमच्याकडे पुरेशी शिल्लक नाही’. खरे तर संदेश आलेले असतात आणि शिल्लक खात्यात असते.

काही वाक्यांत तर दोन थर दिसतात. ‘मी आपली काय मदत करू शकते?’ हा ग्राहकसेवेतला प्रश्न घ्या. ‘करू शकते’ ही सौजन्याची ठेवण इंग्रजी. ‘आपली मदत’ ही विभक्ती हिंदीची, कारण मराठीत मदत कोणाची नव्हे, कोणाला करतात. मुद्दा असा की इंग्रजी वळण पुष्कळदा हिंदी जाहिरातींच्या आणि निवेदनांच्या वाटेने आपल्याकडे पोचते. दुकानदाराचे ‘काय हवं होतं?’ यात भूतकाळ वापरून साधलेली नम्रता आहे. ती कोणत्याही अनुवादातून येणार नाही. तसेच ‘शकणे’चे. मुख्यतः सामर्थ्य सांगणारे हे क्रियापद आता शक्यतेच्या प्रत्येक वाक्यात बसते : ‘आज पाऊस पडू शकतो.’ मूल कठड्यावर चढले की आई ‘तू पडू शकतोस’ म्हणत नाही, ‘पडशील!’ म्हणते.

तर मग इंग्रजी वळण तेवढे वाईट, असे म्हणायचे का? तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ‘भाग घेणे’, ‘प्रकाश टाकणे’, ‘निर्णय घेणे’ या प्रयोगांचे इंग्रजी प्रयोगांशी साम्य उघड आहे, पण आज ते कोणाच्या कानाला खुपत नाहीत. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’तले लांब, अटी-अपवाद पोटात घेणारे वाक्य इंग्रजी गद्याच्या अभ्यासाशिवाय घडले नसते. त्या वाक्याने मराठीला वाद घालायला आणि शास्त्र लिहायला बळ दिले. माझी कसोटी साधी आहे : नव्या रचनेने पूर्वी सांगता न येणारे काही सांगता येते का? येत असेल, तर ती कमाई. पूर्वी सांगता येणारा भेदच नाहीसा होत असेल, तर तो तोटा. चिपळूणकरांचे दीर्घ वाक्य पहिल्या प्रकारात बसते, ‘पोलिसांकडून’ दुसऱ्या.

हा तोटा भाषेच्या सौंदर्यापुरता नाही. १९६४च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली, पण मसुदा आधी इंग्रजीत आणि मग त्याचे मराठी, ही सवय मोडली नाही. ‘आपला अर्ज अपात्र ठरविण्यात आलेला आहे’ हे वाक्य हातात घेऊन खिडकीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पहिला प्रश्न पडतो, ‘कोणी ठरवलं?’ वाक्यात त्याचे उत्तर नाही, आणि दाद कोणाकडे मागायची हेही नाही. ‘-ण्यात येणे’ या रचनेचे अवयव मराठीच आहेत आणि क्वचित तिची गरजही असते. पण तिच्या सरसकट वापराने कर्ता नाहीसा होतो. ‘तहसीलदारांनी आपला अर्ज नामंजूर केला. कारण : उताऱ्यावर नाव नाही. तीस दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा.’ एवढे लिहायला एकही नवा पारिभाषिक शब्द लागत नाही.

म्हणून परिभाषाकोशांच्या जोडीला वाक्यांच्या नमुन्यांचे पुस्तक हवे, असे मला वाटते. नोटीस, नकार, दिलगिरी, सूचना, इशारा या नित्याच्या गरजांसाठी मराठीत आधीपासून कोणत्या रचना आहेत, ते त्यात दाखवावे. त्याचे साहित्य ग्रंथालयांपेक्षा दुकानांत, बाजारात आणि घरांत अधिक मिळेल. ज्यांच्या तोंडी ‘काय हवं होतं?’ आणि ‘पडशील!’ अजून सहज येते, त्यांची वाक्ये आत्ताच उतरवून ठेवायला हवीत.