शीरखुर्म्यापलीकडे

आपल्या कथांतला नायक गाव सोडून भिवंडी-मुंबईला जातो आणि त्याला आठवतो तो ईदचा शीरखुर्मा. आम्ही नगरकडचे. मास्तरकीपायी घर सोडले, पण शीरखुर्म्याची उणीव आम्हाला कधी भासली नाही. तो सगळीकडे मिळतो. आठवण येते ती हुलग्याच्या शेंगोळ्यांची, चुलीवरच्या बाजरीच्या भाकरीची. शेजारच्या मराठ्या-माळ्यांकडेही तेच शिजायचे. अम्मी लसूण जरा जास्त घालायची, एवढाच फरक.

मग हे आपल्या साहित्यात का नाही? आमचा संशय असा की, सण लिहिला म्हणजे वेगळेपण आयतेच सिद्ध होते. शेंगोळ्यांनी काय सिद्ध होणार? सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण 'आम्ही याच मातीतले' म्हणत आलो. पण ती माती आपल्या कथेतल्या ताटात दिसत नाही.

आमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्याबरोबर गावचेही खाणे मांडतात. मेलेल्या ढोराचे मांससुद्धा झाकत नाहीत. लाज वाटावी असे जगाने त्यांना शिकवले होते, तरी त्यांनी लिहिले. आपल्याला कोणी शिकवले?

आमच्या वर्गातली पोरे निबंधात बिर्याणी लिहितात. डब्यात भाकरी असते.