‘मा’ : एक अक्षर, अनेक अर्थ आणि व्युत्पत्तिविचारातील सावधगिरी

प्रस्तावना :
शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे फर्दिनां द सोस्यूर यांचे तत्त्व १९१६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून सर्वज्ञात झाले. तरीही केवळ ध्वनिसाम्यावरून दोन भाषांचे नाते जोडण्याचा मोह आपल्या शोधनिबंधांतून अद्याप सुटलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात ‘मा’ या अक्षराच्या आधारे या प्रवृत्तीची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
संस्कृतात ‘मा’ हे निषेधवाचक अव्यय आहे. लक्ष्मीलाही ‘मा’ म्हणतात. तमिळमध्ये ‘मा’ म्हणजे आंबा, इटालियनमध्ये ‘परंतु’, फ्रेंचमध्ये ‘माझी’, तर जपानीत ‘मधले अंतर’. चिनी भाषेत स्वराघात बदलताच तेच अक्षर आई, ताग, घोडा किंवा रागावणे असा अर्थ देते. या अर्थांना एका सूत्रात ओवणे अशक्य आहे.

अर्थसाम्य आढळले तरी ते पुरेसे नसते. अरबी ‘मा’ हेही नकारवाचक आहे. परंतु संस्कृत ‘मा’शी त्याचे नाते सिद्ध होत नाही. याउलट ग्रीक ‘मे’ हा निषेधवाचक शब्द संस्कृत ‘मा’चा खरा सगोत्र होय. कारण संस्कृत ‘आ’ला ग्रीक दीर्घ ‘ए’ हा मेळ ‘दधामि’ व ‘तिथेमि’ यांसारख्या अन्य जोड्यांतही नियमाने आढळतो.

मातृवाचक शब्दांतील ‘म’काराचे कारण आणखी वेगळे आहे. रोमान याकोबसन यांनी १९६० च्या निबंधात त्याचा संबंध स्तनपान करणाऱ्या अर्भकाच्या अनुनासिक हुंकाराशी जोडला. मात्र तो सार्वत्रिक नियम नव्हे; जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील.

मराठीच्या अध्यापकाला हा प्रश्न दूरचा नाही. ज्ञानेश्वरीत ‘मा’ हे अव्यय ‘मग’, ‘तर’ या अर्थाने येते. विद्यार्थ्याने तेथे संस्कृतातील निषेध वाचला, तर ओवीचा अर्थ नेमका उलटा होतो. प्राचीन ग्रंथाचे वाचन बिघडविणारी ही चूक क्षुल्लक मानता येणार नाही.

निष्कर्ष :
ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नसून केवळ शोधाचा आरंभ आहे. योगायोग, बालभाषा आणि समान वारसा यांतील भेद नियमित ध्वनिसंवादानेच ठरतो, तर शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ संदर्भानेच निश्चित होतो. ही शिस्त पदव्युत्तर वर्गापासूनच रुजविणे आवश्यक आहे.