दोन भारतीय दुःस्वप्नकथा आणि पर्यावरणनीती

भारतीय पर्यावरणविचाराचे मूळ शोधू पाहणारा अभ्यासक बहुधा अथर्ववेदातील भूमिसूक्तापासून आरंभ करतो आणि सृष्टीविषयीचा पूज्यभाव हेच त्या विचाराचे सार मानतो. इंग्रजीतून लिहिल्या गेलेल्या दोन भारतीय कादंबऱ्या, इंद्र सिन्हा यांची 'अ‍ॅनिमल्स पीपल' (२००७) व प्रयाग अकबर यांची 'लैला' (२०१७), या समजुतीची कसोटी पाहतात.

डिस्टोपिया, अर्थात दुःस्वप्नकथा, संकटाची कल्पना सामान्यतः भविष्यकाळात करते. सिन्हा यांच्या खौफपुरात मात्र ते घडून गेलेले आहे. डिसेंबर १९८४ मधील भोपाळची विषारी वायुगळती हा त्या नगरीचा उघड आधार होय. 'ती रात्र' सरली, तरी विहिरींच्या पाण्यातून आणि मातांच्या दुधातून विष वाहतच राहते. ओसाड कारखान्यात झाडेवेली माजलेली आहेत. परंतु तेथे पाखरू बोलत नाही, की कीटकाचा गुंजारव उठत नाही. कणा वाकल्यामुळे हातापायांवर चालणारा निवेदक स्वतःस जनावर म्हणवितो आणि अखेरीस शस्त्रक्रियेने ताठ होण्याची संधीही नाकारतो. मनुष्य व पशू यांमधील अंतर येथे कोणत्याही अद्वैतसिद्धान्ताने पुसले गेलेले नसून विषाच्या आघाताने पुसले गेले आहे.

'लैला'मधील नगर जातिधर्मांच्या भिंतींनी विभागलेले असून शुद्धता हे तेथील सत्तेचे ब्रीद आहे. भिंतींच्या आत स्वच्छता नांदते, बाहेर उकिरडे वाढतात. शुद्धतेच्या या कल्पनेने मळ नाहीसा होत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या दारी जातो. माधव गाडगीळ व रामचंद्र गुहा यांनी 'इकॉलॉजी अँड इक्विटी' (१९९५) या ग्रंथात भारतीय समाजाची सर्वभक्षी, परिसरावर उपजीविका करणारे व पर्यावरण-निर्वासित अशी जी विभागणी केली, तिचा येथे सहज प्रत्यय येतो. स्वतःच्या उपभोगाचे मोल इतरांकडून वसूल करणे, हेच सर्वभक्षी वर्गाचे सामर्थ्य होय.

तथापि 'लैला'ची निवेदिका शालिनी ही पूर्वायुष्यात सुखवस्तू वर्गातील. उकिरड्यालगत जन्मलेल्यांचे जग वाचकास तिच्याच दृष्टीतून दिसते. सिन्हा यांच्या कादंबरीत पीडित स्वतः बोलतो. म्हणून तिचे नैतिक बळ अधिक आहे. सृष्टीस किती पूज्य मानले, या प्रश्नापाशी भारतीय पर्यावरणनीतीस थांबता येणार नाही. कोणाचा मळ कोणाच्या माथी आला, हेही तिला विचारावे लागेल.