चुंबक अणूंना ओढत नाही: एका लाडक्या उपमेची झडती

आज मी नवा शोध सांगायला उभा नाही. अतिशीत वायूंवर आपण मराठीत जी व्याख्यानं देतो, त्यांतल्या एका उपमेची झडती घ्यायची आहे. ती मीही वापरलीय, गिरगावात, परळला, आणि टाळ्याही घेतल्यात. तेव्हा आरोपींत मीही आहे.

उपमा अशी: अणू म्हणजे लालबागच्या रांगेतली माणसं. गारठा वाढला की चिकटून उभे राहतात. चुंबक लावला की आणखी ओढले जातात आणि टकरा वाढतात.

ऐकायला झकास. पण दोन्ही गोष्टी चूक.

आधी गर्दी. हा वायू आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षा साधारण लाखपट विरळ असतो. १९९५ साली अमेरिकेत बोल्डरला रुबिडियमचं पहिलं बोस-आइन्स्टाइन संघनन झालं, त्यात अणू होते जेमतेम दोन हजार. अणू जवळ येत नाहीत. थंडीमुळे त्यांच्या लहरी लांबतात आणि एकमेकींवर पसरतात. म्हणून ‘टक्कर’ हा शब्दसुद्धा जपून वापरायला हवा. इथे धक्काबुक्की नाही. एक लहर दुसऱ्या अणूवरून जाताना किती सरकते, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर एका आकड्यात मावतं, प्रकीर्णन लांबी. धन असेल तर अणूंमध्ये अपकर्षण, ऋण असेल तर आकर्षण.

आता चुंबक. उपमा खरी असती तर क्षेत्र वाढवलं की ओढ वाढत गेली असती. रुबिडियम-८५ काय करतो पाहा. १५५ गॉसच्या जरा खाली जबर आकर्षण. जरा वर जबर अपकर्षण. १६६ च्या आसपास शून्य, म्हणजे अणू एकमेकांना ओळखतच नाहीत. त्यापुढे पुन्हा आकर्षण. कुठला चुंबक असा वागतो?

मग घडतं काय? गिरगावातल्या शेजारशेजारच्या दोन चाळी घ्या. एका गॅलरीतून अणूंची जोडी येते आणि निघून जाते. दुसरी गॅलरी म्हणजे तीच जोडी रेणू होऊन बांधलेली. दोन्ही अवस्थांचं चुंबकत्व वेगळं, म्हणून क्षेत्र बदललं की एक गॅलरी दुसरीच्या तुलनेत वरखाली होते. चुंबकाचं काम जॅकचं, ओढण्याचं नाही. पातळी जुळली की जोडी क्षणभर पलीकडे डोकावून परत येते, आणि तिची लहर सरकलेली असते. हाच फेशबाख अनुनाद. नाव अणुकेंद्राचे अभ्यासक हर्मन फेशबाख यांचं. थंड वायूत तो १९९८ साली एमआयटीत सोडियमवर दिसला.

ही उपमाही लंगडीच बरं का. रेणूची पातळी किंचित खाली असेल तर अपकर्षण आणि किंचित वर असेल तर आकर्षण, हे गॅलरीवरून कळत नाही. त्याला लहरींचं गणित लागतं. पण निदान ती खोटं भाकीत करत नाही.

एवढी चिकित्सा कशाला, असं कुणी म्हणेल. २००१ साली बोल्डरलाच शून्याजवळ ठेवलेला ढग क्षेत्र बदलून आकर्षणात ढकलला. तो आकसला आणि मग फुटला; बरेच अणू बाहेर फेकले गेले. रांगेच्या उपमेवर वाढलेल्या विद्यार्थ्याला यात ‘आकसला’ एवढंच कळेल. शून्यावरून सुरुवात का केली, हे तो विचारणारच नाही. चुकीची उपमा प्रश्नच मारून टाकते, हा माझा खरा आक्षेप.

आणि हा विषय परका नाही. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये सी. एस. उन्नीकृष्णन यांच्या गटानं प्रकाशाच्या सापळ्यात रुबिडियम संघनित केलं. सापळा प्रकाशाचा असला की चुंबकीय क्षेत्र हवं तसं बदलायला मोकळं राहतं. त्याच कुलाब्यातली चुंबकीय मोजमापं विजेच्या ट्राम बिघडवतील म्हणून १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभारली गेली. क्षेत्र जपण्याची किंमत या शहरानं शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती. आपण निदान शब्द जपू.

घ्या, आता प्रश्न.