'क्रिश' वर्गात दाखवावा का?

गेल्या दिवाळीत तलवाड्याला गेलो होतो. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले हे गाव माझे आजोळ. माझे एक मामेभाऊ जवळच्याच शाळेत शिक्षक आहेत. शाळेत मोठा टीव्ही आला आहे आणि पाचवी ते सातवीच्या मुलांनी शनिवारी 'क्रिश' दाखवा म्हणून त्यांच्यापाशी हट्ट धरला होता. "दादा, तुम्ही शास्त्रज्ञ माणूस. बघून सांगा, दाखवावा का नको. काही पालक म्हणतात पोरं माळवदावरून उड्या घेतील, काही म्हणतात यात सगळं खोटं विज्ञान आहे," ते म्हणाले.

माझे संशोधन चित्रपटांवर नाही. पण प्रश्न टाळण्यासारखा नव्हता, म्हणून आम्ही 'क्रिश' आजोळच्या ओसरीवर, गल्लीतल्या दहाबारा मुलांना घेऊनच पाहिला. नंतर मी तो एकट्याने पुन्हा पाहिला. हे परीक्षण त्या दोन वेळच्या पाहण्यावर आधारलेले आहे. सांगायचे ते आधीच सांगून टाकतो: चित्रपट दाखवावा, पण ज्या कारणासाठी आपण घाबरतो ते कारण फारसे खरे नाही, आणि ज्याची काळजी करायला हवी त्याकडे कोणी बघतच नाही.

'क्रिश' २००६ साली आला. राकेश रोशन यांच्या २००३ सालच्या 'कोई... मिल गया'ची ही पुढची गोष्ट. पहिल्या चित्रपटात मतिमंद असलेल्या रोहितला परग्रहावरून आलेला 'जादू' विलक्षण बुद्धी आणि ताकद देतो. दुसऱ्यात रोहितचा मुलगा कृष्णा जन्मतःच ती ताकद घेऊन येतो. आई-वडील नाहीत, आजीने वाढवलेले. लहानपणी शाळेत त्याची हुशारी कोणाच्या तरी नजरेत भरते आणि आजी घाबरून त्याला दूर डोंगरात घेऊन जाते. मोठेपणी तो प्रियाच्या मागे सिंगापूरला पोचतो, सर्कशीला लागलेल्या आगीतून मुलांना वाचवताना तुटका काळा मुखवटा तोंडावर धरतो आणि 'क्रिश' होतो. शेवटी त्याला कळते की वडील मेलेले नसून डॉ. आर्य नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांना कोंडून ठेवले आहे.

आधी उड्यांचे पाहू. ही भीती जुनीच आहे. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली, तेव्हा मुलांनी नक्कल करताना स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या छापून आल्या. त्यांतल्या काहींच्या खरेपणाबद्दल वादही झाले. मुकेश खन्ना पडद्यावरून मुलांना माझी नक्कल करू नका असे सांगत. भीती निराधार मात्र नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २००७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अशा पाच मुलांची हकिगत नोंदवली. तीन ते आठ वर्षांची ही मुले सुपरहिरोचा पोशाख घालून खेळत होती आणि त्यांना गंभीर दुखापती झाल्या. वये लक्षात घ्यावीत. सहासात वर्षांखालच्या मुलांचे खरे आणि भासवलेले यांच्यातले कुंपण ठिकठिकाणी मोडलेले असते. पहिली-दुसरीच्या मुलांना या शनिवारी बसवू नये, हे मी भावाला लगेच सांगितले.

पाचवी-सातवीच्या मुलांचे काय? त्याचे उत्तर आम्हाला दुसऱ्याच दिवशी मिळाले. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे घराघरात कापूस पडलेला असतो. सकाळी पाहतो तो चार मुले, त्यांतल्या एकाने आजीचे काळे लुगडे पाठीला बांधलेले, माळवदावरून कापसाच्या ढिगावर उड्या घेत होती. मामी ओरडल्या, ते कापूस तुडवला म्हणून. मला मात्र त्या मुलांचे कौतुक वाटले. पलीकडे शहाबादी फरशीचे अंगण मोकळे होते. तिकडे एकानेही उडी घेतली नाही. क्रिश कुठेही उतरतो. ही मुले कापसावर उतरत होती. शिक्षकाने हात घालावा तो इथे.

माळवदापासून ढिगाचा माथा सुमारे २ मीटर खाली. तेवढे पडल्यावर वेग होतो सेकंदाला सव्वासहा मीटर, म्हणजे ताशी साडेबावीस किलोमीटर. कापसात मूल अर्धा मीटर रुतत थांबते. फरशीवर पाय ताठ ठेवून पडले तर जेमतेम २ सेंटिमीटरमध्ये थांबावे लागते. पडण्याचे अंतर भागिले थांबण्याचे अंतर, अधिक एक, इतक्या पट वजनाएवढा सरासरी जोर अंगावर येतो. मूल २५ किलोचे धरा. कापसावर पाचपट, म्हणजे सव्वाशे किलो. फरशीवर १०१ पट, म्हणजे जवळजवळ पंचवीस क्विंटल. आमच्याकडच्या मुलाला न्यूटन कळायला वेळ लागेल, पण क्विंटल म्हणजे काय ते त्याला पोटातून कळते. सूत्र नंतर द्यावे.

याच हिशेबाने पडद्यावरची एक नेहमीची लबाडीही उघडी पडते. उंचावरून पडणारी नायिका नायक अलगद झेलतो. २० मीटरवरून पडलेल्या माणसाचा वेग ताशी ७१ किलोमीटर होतो. झेलणाऱ्याचे हात फार तर ४० सेंटिमीटर खाली जातील. म्हणजे वजनाच्या एकावन्न पट जोर. झेलणारा पोलादाचा असला तरी झेलली जाणारी हाडामांसाचीच आहे! अमेरिकेतल्या स्पायडरमॅनच्या चित्रकथेत १९७३ साली हे घडले. पुलावरून पडणाऱ्या ग्वेन स्टेसीला नायकाने जाळ्याने अचानक थांबवले आणि ती त्या हिसक्यानेच मेली. जेम्स काकालिओस या भौतिकशास्त्रज्ञाने सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात (२००५) हे उदाहरण घेतले आहे. मुळात १९३८ सालचा सुपरमॅन उडतही नव्हता. एकअष्टमांश मैलाची, म्हणजे २०० मीटरची उडी घेई. पुढे लेखकांना तेवढ्यावर भागेना.

तेव्हा उड्या खोट्या आहेत म्हणून चित्रपट वाईट, हे मला पटत नाही. हनुमानाने डोंगर उचलून आणला तेव्हा आपण कोणी गुरुत्वाकर्षणाचा हिशेब मागितला नव्हता. कल्पितातली अशक्य गोष्ट मुलाला अशक्य म्हणूनच आवडते. आक्षेप घ्यायचा तर तो जिथे चित्रपट आपले म्हणणे शक्य, किंबहुना शास्त्रीय, म्हणून मांडतो तिथे घ्यावा. आणि तसे 'क्रिश'मध्ये आहे.

रोहितला ताकद मिळाली ती मोठेपणी, बाहेरून. कृष्णाला ती जन्मतः कशी मिळाली? चित्रपट हे 'वडिलांचे गुण मुलात उतरले' इतक्या सहजपणे सांगून पुढे जातो की ओसरीवरच्या एकाही मोठ्या माणसाला खटकले नाही. जगताना मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, ही लामार्कची १८०९ सालची कल्पना. वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात पिढ्यानपिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. पिल्ले शेपटीसकटच जन्मली. आपल्याला उंदीर नकोत. मी मुलींना विचारले, "तुझे कान टोचलेत, आईचे टोचलेत, आजीचे, पणजीचे टोचलेत. मग तू टोचलेले कान घेऊन का नाही जन्मलीस?" क्षणभर शांतता, मग हशा, आणि मग एक सातवीतली मुलगी म्हणाली, "मग क्रिशला कसं आलं?" हा प्रश्न विचारणारा वर्ग मिळणार असेल तर मी कुठलाही चित्रपट दाखवायला तयार आहे.

(चोखंदळ शिक्षक म्हणतील, जादूच्या किरणांनी रोहितची बीजपेशीच बदलली असेल. जरूर. क्ष-किरणांनी फळमाश्यांमध्ये पुढच्या पिढीत उतरणारे बदल होतात हे मुलर यांनी १९२७ सालीच दाखवले. पण असे बदल आंधळेपणाने होतात आणि त्यांतले बहुतेक अपायकारकच असतात. मुलांशी हा वाद घालण्यासारखा आहे.)

हा मुद्दा मी एवढा लांबवतो त्याला कारण आहे. आमच्या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कोयते साखर कारखान्यांकडे निघतात. मुले कधी बरोबर जातात, कधी हंगामी वसतिगृहात राहतात, कधी आजीपाशी. ओसरीवरच्या मुलांपैकी चौघांचे आई-वडील त्या आठवड्यातच गेले होते. त्यांच्यासाठी 'क्रिश' ही उड्यांची गोष्ट नव्हतीच. आजीपाशी राहणारा मुलगा, दूर कुठेतरी कोणाच्या तरी कामासाठी अडकून पडलेला बाप, आणि शेवटी त्याला घरी घेऊन येणे! रोहित परत येतो त्या प्रसंगी मुले जशी गप्प झाली तशी सर्कशीच्या आगीतही झाली नव्हती. मुंबई-सिंगापूरच्या प्रेक्षकासाठी बेतलेली ही कथा आमच्या ओसरीवर अशी काही लागू पडेल हे तिच्या निर्मात्यांच्या स्वप्नातही आले नसेल. योग्य-अयोग्यतेचा विचार करताना आपण चित्रपटच तेवढा तपासतो. समोर कोणते मूल बसले आहे ते बघत नाही.

पण याच मुलांना चित्रपट दुसरेही काही सांगतो: बापाचे ते मुलात रक्तातूनच येते. क्रिश कधी अभ्यास करताना, चुकताना, शिकताना दिसत नाही. त्याच्यात ते आहेच. ज्याच्या बापाच्या हातात कोयता आहे त्याने यातून काय घ्यायचे? गावात हे वाक्य त्याला चित्रपटाविनाही ऐकावे लागते. त्यात भर म्हणून, चित्रपटातली शाळा ही हुशार मुलाला धोका असलेली जागा आहे. आजी त्याला शाळेपासूनच पळवून नेते. शिक्षकांनी पाहायचा चित्रपट म्हणून याचा उल्लेख करतो.

शास्त्रज्ञाच्या चित्रणाबद्दल मी थोडा पक्षपाती असणार. डॉ. आर्यची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी झकास केली आहे, पण भव्य प्रयोगशाळेत एकट्याने कट शिजवणारा शास्त्रज्ञ मी वीस वर्षांत पाहिलेला नाही. आमचे बहुतेक दिवस बिघडलेले उपकरण दुरुस्त होण्याची वाट पाहण्यात जातात. रोहित त्याच्यासाठी भविष्य दाखवणारे यंत्र बनवतो. इथे एक चांगला तास होऊ शकेल. ग्रहण कधी लागणार ते काही शतके आधी मिनिटांच्या हिशेबात सांगता येते. पुढच्या महिन्यात अमुक तारखेला तलवाड्यात पाऊस पडेल का, ते येत नाही. दोन्ही भविष्येच. फरक कशाने पडतो, हे मुलांना शोधू द्यावे.

हिंसेबद्दल थोडक्यात. अल्बर्ट बंडुरा यांनी १९६०च्या दशकात स्टॅनफर्डला बाहुलीवरचे प्रसिद्ध प्रयोग केले. पडद्यावर मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहून मुलेही तशीच बडवत होती. १९६५च्या प्रयोगात त्या माणसाला शिक्षा झालेली दाखवली तर मुलांची नक्कल कमी झाली. पण बक्षीस देऊ केल्यावर कळले की शिकली होती सगळीच. म्हणजे खलनायकाला शेवटी शिक्षा होते, ही आपली समजूत फार भरवशाची नाही. सारा कॉइन आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या अभ्यासात शाळापूर्व वयात सुपरहिरोंच्या मालिका जास्त पाहणारी मुले वर्षभराने अधिक आक्रमक आढळली, दुबळ्याचा कैवार घेण्यात मात्र पुढे नव्हती. त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास उलट बाजूचा: चार ते सहा वर्षांच्या मुलांना 'मी बॅटमॅन आहे' असे समजून कंटाळवाणे काम करायला सांगितले, तर ती जास्त वेळ टिकली. मुखवटा दोन्ही कामांना येतो.

प्रमाणपत्रावर विसंबता येईल का? २०२३च्या कायदादुरुस्तीने 'यूए' या गटाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले, हे चांगलेच झाले. पण मंडळाची कात्री कुठे चालते ते पाहा. २०२५ सालच्या 'सुपरमॅन'मधली चुंबने कमी करायला लावली. इमारती कोसळत राहिल्या. आणि 'हा चित्रपट तुमच्या मुलाला त्याच्या रक्ताविषयी काय सांगतो' असा रकाना कुठल्याच प्रमाणपत्रात नसतो.

एक प्रसंग मात्र मी विसरू शकत नाही. क्रिस्टियन नावाचा कसरतपटू आपल्या बहिणीच्या पायाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे जमवत असतो. कृष्णा त्याला 'तूच क्रिश आहेस असे सांग' म्हणतो, म्हणजे बक्षीस त्याला मिळेल. पुढे डॉ. आर्य त्यालाच क्रिश समजून ठार करतो. चित्रपटातली सर्वांत मोठी शौर्याची गोष्ट मला ही वाटते, आणि सर्वांत दुखरीही. मी लहानपणी जत्रेतल्या तंबूत 'मिस्टर इंडिया' (१९८७) पाहिला होता. त्यातली अदृश्य होण्याची युक्ती मी केव्हाच विसरलो असतो, पण बॉम्बने मरणारी छोटी टीना मला कित्येक रात्री झोपू देत नव्हती. तेव्हा कोणी काही विचारले नाही, मीही बोललो नाही. इथे चित्रपट थांबवावा, दिवे लावावेत आणि मुलांना बोलू द्यावे, एवढे मी भावाला निक्षून सांगितले.

त्यांनी दोन शनिवारांत दाखवायचे ठरवले आहे, पाचवीपासून पुढे, कान टोचण्याचा प्रश्न आधी फळ्यावर लिहून. मी निघालो त्या सकाळी ओसरीवरची सर्वांत धाकटी, पाचवीतली मुलगी एसटीपर्यंत आली. तिला उड्यांचे, मुखवट्याचे, भविष्याच्या यंत्राचे काहीच विचारायचे नव्हते.

"काका, त्याच्या बहिणीच्या पायाचं ऑपरेशन झालं का हो मग?"