बुजऱ्या पात्राची घडण

कुमारवयातील बुजरेपणा हा पात्राचा स्वभावगुण मानावा, की त्या पात्राकडे पाहणाऱ्यांनी त्याच्यावर लादलेली अवस्था मानावी, हा प्रश्न कादंबरीच्या समीक्षेला टाळता येतो. कारण कादंबरीतील निवेदन या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मिसळून टाकू शकते. मेजावरील भूमिकाखेळ रचणाऱ्याला ही पळवाट नसते. चार-पाच खेळाडू, एक सूत्रधार आणि फासे एवढ्या सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या या कथनप्रकारात बुजरेपणा कोणाच्या खात्यावर मांडायचा हे आधीच नियमात लिहून ठेवावे लागते. पात्ररचनेविषयीची एक भूमिका तेथे उघडी पडते, आणि म्हणून हा प्रकार साहित्यविचाराच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक असे तीन पात्रवर्ग होते. पात्रवर्ग म्हणजे पात्राला काय करता येते याची यादी. ज्याला नेमके काहीच धड करता येत नाही अशा मुलाचा वर्ग या व्याख्येत बसत नाही. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ने (१९८६) यावर काढलेला तोडगा हिशेबी होता: बुजरेपणा हा दोष, त्याची किंमत उणे, तो पत्करला की तेवढे गुणांक अन्यत्र खर्चायला मोकळे. हा बुजरेपणा पात्राच्या अंगात असतो, उंचीसारखा किंवा लंगडेपणासारखा. खोलीत दुसरे कोणी नसले तरी तो तेवढाच राहतो.

ब्रेंडन कॉनवे यांच्या ‘मास्क्स’ने (२०१६) मात्र मूळ कल्पनाच बदलली. या खेळातील कुमारवयीन महानायकांच्या अंगी बळ वा चातुर्य असे गुण मांडलेले नाहीत. विचित्र, धोकादायक, तारणहार, श्रेष्ठ आणि सामान्य अशा पाच बिरुदांचे चढते-उतरते अंक आहेत. ज्याचा प्रभाव आहे अशा कोणी ‘तू अमुक आहेस’ असे म्हटले की एक बिरुद वाढते, दुसरे घटते. प्रौढांचा प्रभाव तर सर्वांवर आरंभापासूनच गृहीत धरलेला असतो. तो झुगारण्यासाठी फासे टाकावे लागतात. आणि पात्र ‘असुरक्षित’ या अवस्थेत असेल तर नेमक्या याच फाशातून दोन वजा होतात. लोकांचे बोलणे ज्याला सर्वाधिक लागते त्यालाच ते झिडकारणे सर्वाधिक अवघड, हे दुष्टचक्र येथे एका वजाबाकीत पकडले आहे. या अवस्थेतून सुटण्याचा मार्गही मार्मिक आहे: सोबत्यांना न विचारता काही अविचारी कृत्य करणे.

‘फँड्री’तील (२०१३) जब्या या नियमांच्या कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे. काळ्या चिमणीमागची त्याची भटकंती हे तसे अविचारी कृत्यच. शेवटी भिरकावलेला दगड हा तर प्रभाव झुगारण्याचा फासा. परंतु शालू आणि वर्गातील मुले पाहत आहेत म्हणून डुक्कर धरताना तो लपू पाहतो, त्या प्रसंगी नियम अपुरा पडतो. हसणारी मुले त्याच्याच वयाची आहेत. ‘मास्क्स’मध्ये समवयस्काचा प्रभाव बव्हंशी पात्राने स्वतः बहाल करायचा असतो, जब्याला तशी मुभा कोणी दिली? प्रभाव तेथे वयातून येत नाही, जातीतून येतो, आणि तो खेळ सुरू होण्यापूर्वीच वाटला गेलेला असतो. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तील (२००४) मुकुंद जोशीला हा खेळ जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो, ही गोष्ट ‘मास्क्स’विषयी आणि मुकुंदविषयी सारखेच सांगून जाते.

हा पात्रवर्ग मराठीत रचायचा तर तो कोठे बेतून पाहावा? अंतर्भागातील रायगड, कर्जत आणि खालापूर हे तालुके, यासाठी विशेष उपयुक्त आहेत. येथे लोकलचे शेवटचे स्थानक आणि डोंगरउतारावरची ठाकरवाडी एकाच परिसरात नांदतात. शेजारच्या कर्नाळा परिसरातील ठाकरांवर गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ लिहिली. जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये तिचा चित्रपट केला. त्यातील नाग्या बुजरा नाही. माशीच्या दंशाने डोळा गेला तरी तो संकोचत नाही, सूड मनात धरतो. भगताचा मुलगा म्हणून वाडी त्याच्याकडे पाहते आणि ती नजर त्याला पुरते. त्या कथानकाच्या केंद्रस्थानी शाळा नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. (दांडेकरांची नजर रम्यतेकडे झुकते हा आक्षेप खराच, पण त्याचा येथे संबंध नाही.)

आश्रमशाळेत नववीत बसलेल्या ठाकर मुलाची कल्पना केली तर चित्र पालटते. जो शब्द वाडीत सहज निघतो, त्याच शब्दावर वर्गात हशा पिकू शकतो. प्रमाणभाषेचा प्रभाव झुगारायचा फासा कोणता? अशा मुलाच्या पत्रकावर बिरुदांचा एकच रकाना पुरणार नाही. वाडीचा एक आणि वर्गाचा एक असे दोन रकाने लागतील, आणि ढोल वाजवणारा हात कोणत्या रकान्यात मोजायचा हे प्रत्येक प्रवेशात नव्याने ठरवावे लागेल.

कातकरी मुलाच्या बाबतीत अडचण अधिक मूलगामी आहे. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. भट्टीवर चौदा वर्षांच्या मुलाकडे कुमार म्हणून कोणी पाहत नाही. तो दोन हात असतो. बुजण्यालाही पाहणारा लागतो. तेव्हा प्रामाणिक रचनाकाराला असा नियम लिहावा लागेल की खेळाच्या मध्यावर हे पत्रक फासा न टाकताच काढून घेतले जाते आणि त्या जागी मजुराचे पत्रक येते, ज्यावर बिरुदे नाहीत, केवळ दिवसाच्या विटा आहेत. पावसाबरोबर पहिले पत्रक परत मिळते तेव्हा त्यावर पूर्वीचेच अंक असावेत काय?